प्रबंधात लॅटिन अजून हवी का? (इबिड., ऑप. सिट. आणि मंडळी)

खाडीकाठ
मंडळी, एक अडचण घेऊन आले आहे.

कोकणातल्या बंदरांच्या इतिहासावर इंग्रजीतून पीएच.डी.चा प्रबंध लिहितेय. पाच प्रकरणं झाली, तळटीपा ८०० च्या वर गेल्या. गाईड बाई जुन्या शिस्तीच्या. मागच्याच टिपेतला संदर्भ पुन्हा आला की 'इबिड.', मध्ये दुसरा येऊन गेला की 'ऑप. सिट.', पानही तेच असेल तर 'लोक. सिट.'. को-गाईड सर म्हणतात हे सगळं काढून टाक, लेखकाचं आडनाव आणि छोटं शीर्षक दे. दोघांनाही मी मानते, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद उचलून दुसऱ्यात नेला. त्याच्याबरोबर चार 'इबिड.' गेले. गोव्याच्या पुराभिलेखागारातल्या एका पत्राचा संदर्भ त्यामुळे रत्नागिरीच्या गॅझेटियरकडे बोट दाखवू लागला. रात्री दोनला लक्षात आलं म्हणून वाचले. त्यानंतर झोप लागली नाही, कारण अशा आणखी किती जागा असतील कोण जाणे.

तुमच्या विषयांत काय चालतं? आणि लॅटिन आज प्रबंधात असावी का? मनापासून विचारतेय.

चिमणचारा
पीएच.डी. हे अक्षरशः लॅटिनच आहे, 'फिलॉसॉफिए डॉक्टर'. नको म्हणालात तर पदवीच परत करावी लागेल. :)

पोथीवाला
खाडीकाठ, परिच्छेद हलवताना झालेला घोटाळा घरोघरी आहे. 'इबिडेम' म्हणजे 'त्याच ठिकाणी'. छापखान्यात खिळे जुळवायच्या काळात हा शब्द जागा वाचवायचा आणि एकदा जुळलेलं पान हलत नसे. आता पान रोज हलतं. संदर्भ कसे द्यायचे ते सांगणाऱ्या शिकागो मॅन्युअलच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनेही 'इबिड.'पेक्षा छोटं शीर्षकच बरं असं म्हटलंय. तेव्हा सरांच्या बाजूने एक मत धरा.

'ऑप. सिट.'बद्दल तर माझं मत त्याहून कडक आहे. 'उल्लेखिलेल्या ग्रंथात'. कुठे उल्लेखिलेल्या? ९० पानं मागे! त्या लेखकाची तीन पुस्तकं असतील तर वाचकाने करायचं काय?

मराठी प्रबंधांत आपण 'तत्रैव' आणि 'उ. नि.' (उपरिनिर्दिष्ट) लिहितो, म्हणजे भाषा बदलली आणि दुखणं तेच राहिलं. जुन्या याद्यांमधला 'कित्ता' त्यातलाच.

काळाकोट
कायद्याच्या प्रबंधातून लॅटिन काढायची तर हाती काय उरेल? रेशिओ डिसिडेंडाय (निकाल ज्यावर उभा असतो ते तत्त्व), ओबिटर डिक्टा (न्यायाधीशाने ओघात म्हटलेलं), रेस ज्युडिकाटा (आधीच निकाली निघालेला वाद). तरी इंग्लंडमध्ये १९९९ च्या दिवाणी प्रक्रिया नियमांनी कोर्टातली बरीच लॅटिन काढली. 'एक्स पार्टे' जाऊन 'नोटीस न देता' आलं. इंग्लंडातले आजचे कायद्याचे प्रबंध ऑस्कोला या ऑक्सफर्डच्या संदर्भ-पद्धतीने लिहितात, तिच्या चौथ्या आवृत्तीत 'इबिड' आहे, पण 'ऑप. सिट.' आणि 'लोक. सिट.' वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. बाईंना हे दाखवा, मधला रस्ता निघेल.

अवांतर: एल्‌एल.एम. मध्ये दोन 'एल' का, तर लॅटिनमध्ये अनेकवचनाचं संक्षिप्त रूप अक्षर दुप्पट करून दाखवतात. 'लेगुम', म्हणजे कायद्यांचा. पी.पी. म्हणजे पानं, तेही तसंच.

आणखी एक. रेस ज्युडिकाटासाठी आपल्या धर्मशास्त्रात 'प्राङ्‌न्याय' असा शब्द आहे. प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला हा एक: 'या वादाचा निवाडा आधीच झालेला आहे'. माझ्या प्रबंधात मी दोन्ही शब्द शेजारी ठेवले होते. परीक्षकांनी व्हायवात (तोंडी परीक्षेत) त्यावरच अर्धा तास गप्पा मारल्या. ती माझ्या आयुष्यातली फार चांगली दुपार होती.

गोदातीर
इथे सगळे लॅटिनवर प्रेमाने लिहिताहेत, मला दुसरी बाजू सांगायची आहे.

माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. प्रबंध समाजशास्त्राचा. इतरांचे प्रबंध बघून बघून तळटीपा लिहायला शिकलो. 'सीएफ.' म्हणजे 'पाहा' असं मी समजत होतो, कारण सगळेच तसं वापरत होते. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'सीएफ.' म्हणजे काय? मी म्हटलं, पाहा. ते म्हणाले, पूर्ण रूप सांगा. मला येईना. मग 'इबिड.'चं विचारलं, 'एट अल.'चं ('आणि इतर') विचारलं. मागे बसलेल्यांतलं कोणीतरी हसलं. पंधरा मिनिटं हेच. मी १४० घरांत जाऊन मुलाखती घेतल्या होत्या, त्यातल्या एका घराबद्दलही त्या वेळात प्रश्न आला नाही.

'कॉन्फेर' म्हणजे 'ताडून पाहा', हे मी त्या रात्री शोधलं. आज मी गाईड आहे. माझे विद्यार्थी 'पाहा' लिहितात, किंवा 'याउलट मत' लिहितात, आणि त्यांना कोणी अडवलेलं नाही. जी भाषा शाळेपासून कॉलेजपर्यंत कुठेच कोणी शिकवत नाही तिची परीक्षा घ्यायची नाही, एवढं माझं म्हणणं आहे.

खाडीकाठ
गोदातीर, वाचून गप्प झाले. माझ्या प्रबंधात 'सीएफ.' ३१ ठिकाणी आहे. आत्ता बघितलं, त्यातल्या निम्म्या जागी मलाही 'पाहा'च म्हणायचं होतं.

ऱ्हाइनकाठ
गोदातीर, तुमच्या बाबतीत झालं ते चूकच झालं. त्यात लॅटिनचा दोष किती आणि परीक्षकांचा किती, याचा विचार मात्र व्हावा.

माझी पीएच.डी. जर्मनीतली. इथे पदवीची श्रेणीच लॅटिनमध्ये मिळते: सुम्मा कुम लाउडे, माग्ना कुम लाउडे, कुम लाउडे आणि शेवटची 'रीटे', म्हणजे रीतसर पास. प्रबंधाच्या मजकुरात लॅटिन उरलेली नाही, पण एके काळी अख्खा प्रबंध तिच्यात असे. तत्त्वज्ञ कांटला १७७० मध्ये क्योनिग्सबर्गला प्राध्यापकपद घेताना लॅटिनमध्ये प्रबंध मांडावा लागला. त्याचा सगळ्यांत गाजलेला ग्रंथ १७८१ चा, तो मात्र जर्मनमध्ये आहे.

फ्रान्सची गोष्ट त्याहून मजेशीर. तिथे साहित्य-तत्त्वज्ञान शाखेत डॉक्टरेटला दोन प्रबंध लागत, एक फ्रेंच आणि एक लॅटिन, आणि हे १९०३ पर्यंत चालू होतं. समाजशास्त्राचा पाया घालणारा ड्युरखाइम, त्याचा १८९२ चा लॅटिन प्रबंध मोंतेस्क्यूवर आहे. तत्त्वज्ञ बर्गसाँचा १८८९ चा, ॲरिस्टॉटलच्या 'स्थळ' या कल्पनेवर. समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी तर जर्मन समाजवादाच्या उगमावर लॅटिनमध्ये लिहिलं. कारखान्यातल्या मजुरांसाठी लढणारा माणूस ल्यूथर, कांट, फिख्ते आणि हेगेल सिसेरोच्या भाषेत समजावतोय, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

पवनचक्की
नेदरलँड्समध्ये अजून दोन लॅटिन शब्द उरलेत आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. 'होरा एस्त'.

लायडनला प्रबंधाचं जाहीर समर्थन असतं. काळे झगे घातलेले प्राध्यापक समोर, तुमच्या दोन्ही बाजूंना दोन सोबती, मागे आईवडील. प्रश्न सुरू होतात. बरोबर ४५ मिनिटांनी दार उघडतं, विद्यापीठाची पेडेल (समारंभाची अधिकारी) हातात उंच काठी घेऊन आत येते आणि म्हणते, 'होरा एस्त'. वेळ झाली. तुम्ही वाक्याच्या मध्यात असलात तरी संपलं. माझं उत्तर एका क्रियापदावर अडलं होतं, ते तिथेच राहिलं. बाबांनी नंतर विचारलं, 'काय म्हणाली ती?' मी म्हटलं, 'होरा'. त्यांना एकदम कळलं! पंचांगातला होरा आणि हा होरा मुळात एकच, ग्रीकमधून दोन्हीकडे गेलेला.

त्या इमारतीत एक लहान खोली आहे, उमेदवार आत जाण्याआधी तिथे थांबतात. नावच 'घामाची खोली'. भिंती सह्यांनी भरलेल्या आहेत, पदवी मिळाली की तुम्हीही करायची. मी देवनागरीत केली. दोन शब्द उरलेत तेवढे राहू द्यात, असं मला वाटतं. त्यांनी कोणाची वाट अडत नाही आणि वाचकाला काही शोधत बसावं लागत नाही.

चिमणचारा
'होरा एस्त' आपल्याकडे लग्नात हवं. भटजींच्या 'सावधान'नंतर. :)

सोनकी
उशिरा आलो. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. आमच्याकडे लॅटिन तळटिपेत नव्हती, कायद्यात होती.

१ जानेवारी १९३५ पासून नियम होता की वनस्पतीची नवी जात जाहीर करायची तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये छापलंच पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्य नाही. प्राणिशास्त्रवाल्यांना अशी सक्ती कधीच नव्हती. मेलबर्नच्या परिषदेने २०११ मध्ये ती उठवली आणि १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालू लागलं. म्हणजे ७७ वर्षं सह्याद्रीतली प्रत्येक नवी खर्पुडी, प्रत्येक नवं गवत लॅटिनच्या दारातून आत गेलं.

माझा अनुभव सांगतो. एका पठारावर मला एक वेल सापडली. प्रबंधात 'नवी जात' म्हणून घालायची, असं माझं जवळजवळ ठरलं होतं. वर्णन इंग्रजीत तयार होतं. लॅटिनसाठी स्टर्नच्या 'बोटॅनिकल लॅटिन'ची झेरॉक्स घेऊन पुण्यातल्या एका सेमिनरीतल्या वृद्ध फादरांकडे गेलो. त्यांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, 'पानं केसाळ नाहीत असं लिहिलंय. कुठेच नाहीत? शिरांवर? कडेला? खालून?' मी म्हटलं, नाहीत. ते म्हणाले, 'लॅटिनमध्ये केसांना खूप शब्द आहेत. आधी बघून या, मग मी शब्द देतो.'

आणि खरंच आहेत! 'प्युबेसन्स' म्हणजे आखूड मऊ लव, आपला पांढरा कुडा, होलाऱ्हेना प्युबेसन्स. 'टोमेंटोसा' म्हणजे दाट, गुंतलेली, लोकरीसारखी. ऐनाचं जुनं नाव टर्मिनालिया टोमेंटोसा. 'हिस्पिडा' राठ आणि टोचणारी. 'व्हिलोसा' लांब आणि मऊ. 'सिलिआटा' म्हणजे फक्त कडेला, पापणीच्या केसांसारखी. आणि काहीच नसेल तर 'ग्लाब्रा'.

परत येऊन शीट (वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद) काढली, दहापटीच्या भिंगाखाली पान धरलं. वाळलेल्या मोठ्या पानावर काही नव्हतं. मग त्याच शीटवरचं शेंड्याचं कोवळं पान तिरक्या उजेडात धरलं आणि कडेला पापण्या दिसल्या. खालून मधल्या शिरेवरही होत्या. म्हणजे माझी वेल नवी नव्हतीच. आधीच नाव असलेली होती, मी जून पानावरून फसलो होतो. प्रबंधातून ते प्रकरण काढलं. चार महिने दुःख झालं, पण खोटं नाव छापून राहिलं असतं तर जन्मभर सलत राहिलं असतं.

लॅटिनने मला नीट बघायला लावलं. एवढंच सांगायचं होतं.

गोदातीर
सोनकी सर, तुमचा अनुभव आवडला. पण बघायला लॅटिनने लावलं की त्या फादरांनी? त्यांनी हाच प्रश्न मराठीत विचारला असता तर?

सोनकी
मराठीतच विचारला होता! :) प्रश्न बरोबर आहे तुमचा. फादर नसते तर नुसत्या पुस्तकावरून मी 'ग्लाब्रा' लिहून मोकळा झालो असतो. तरी इतके शब्द समोर मांडून 'यातला कुठला?' असं विचारणारी दुसरी भाषा त्या वेळी माझ्या हाताशी नव्हती.

ऱ्हाइनकाठ
इथे एक बोचरी गोष्ट आहे. २०१२ ला लॅटिनची सक्ती गेली तेव्हा तिच्या जोडीला आली एकटी इंग्रजी. स्पॅनिश नाही, चिनी नाही, मराठीचं तर नावच नको. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हती, सगळे सारखेच धडपडत होते. आता लंडनच्या मुलाला आयतं मिळतं आणि आपल्या मुलांना कमवावं लागतं.

पोथीवाला
लॅटिन कोणाचीच नव्हती हे युरोपापुरतं. इटालियन आणि स्पॅनिश मुलाला ती मावशीसारखी, बीडच्या मुलाला पूर्ण परकी. आपल्याला उलट संस्कृतची शिडी आहे, ती कोणी दाखवत नाही. सोनकी सरांच्या वर्णनात 'फोलिइस' येतं ना, ते 'पानांनी'. लॅटिनच्या त्या एका विभक्तीत आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी एकत्र झाली आहे. असं फळ्यावर मांडून शिकवलं तर आठवड्यात मुलं वाचू लागतील.

माझ्या विषयातलं सांगतो. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात झाली. संपादक सुकथनकरांनी शिस्त घालून दिली. पानाच्या वर संस्कृत श्लोक, खाली पाठभेद, आणि त्या पाठभेदांत 'ओम.', 'मार्ज.', 'सेक. एम.' अशी लॅटिन संक्षेपं. 'ओम.' म्हणजे या पोथीत हे गाळलंय. 'मार्ज.' म्हणजे समासात लिहिलंय. 'सेक. एम.' म्हणजे दुसऱ्या हाताने. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी पुण्यात एका पानावर येऊन भेटली आणि त्यांच्यातला हिशोब लॅटिन खुणांनी मांडला गेला. त्या खुणा माझ्या प्रबंधात मी ठेवल्या. पहिल्याच पानावर यादी देऊन प्रत्येकीचा अर्थ मराठीत लिहिला.

मांडवी
उलटी वाटही आहे, आणि ती फार सुंदर आहे. 'हॉर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडेने कोचीनला बसून तो करवून घेतला. माहिती दिली इट्टी अच्युतन या वैद्यांनी आणि तीन कोंकणी भटांनी: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पहिल्या खंडात त्या तिघांची १६७५ ची ग्वाही आहे, नागरी लिपीत, कोंकणीत! लॅटिन ग्रंथाच्या पोटात आमची भाषा जपलेली. वनस्पतींना दोन शब्दी नावं देणाऱ्या लिनियसने पुढे या ग्रंथाचा आधार घेतला. आणि त्याचं इंग्रजी भाषांतर कधी यावं? २००३ मध्ये. केरळच्या मणिलाल सरांनी त्यासाठी आयुष्य दिलं. लॅटिन येत नाही म्हणून आपल्याच झाडांची माहिती तीनशे वर्षं आपल्याला बंद होती.

म्हणून मला वाटतं, लिहायला नको असली तरी वाचता येणारी दोन-चार माणसं प्रत्येक पिढीत हवीत. गोव्यात रायतूरच्या सेमिनरीत शिकलेले म्हातारे पाद्री आमच्या वाड्यावर होते, ते गेले. त्यांच्याकडे कोणी पत्र वाचायला घेऊन जायचं, तसं आता कोणाकडे जायचं?

खाडीकाठ
मांडवी, माझ्या पोर्तुगीज कागदांत मध्येच लॅटिनच्या ओळी येतात, त्या मी टाळून पुढे जात होते. आता नाही जाणार.

सगळ्यांचं वाचून काल बाईंसमोर बसले. काळाकोट यांनी सांगितलेलं ऑस्कोलाचं दाखवलं आणि परिच्छेद हलल्यावर काय झालं तेही दाखवलं. बाई बराच वेळ त्या टिपेकडे बघत होत्या. म्हणाल्या, 'ऑप. सिट. काढ, लोक. सिट. काढ.' इबिड.ही छोट्या शीर्षकाने बदलायला तयार झाल्या. एका शब्दासाठी अडल्या, 'सिक'. जुन्या पत्रातली चूक मूळची आहे, माझी नाही, हे सांगणारा तेवढाच आटोपशीर शब्द, तो राहणार. ३१ 'सीएफ.' मी एकेक तपासले. १४ ठिकाणी खरंच दोन पुरावे ताडून बघायचे होते, तिथे ठेवले. बाकी ठिकाणी 'पाहा'. आणि पोथीवाल्यांसारखी पहिल्या पानावर यादी देणार.

सोनकी सर, ते लॅटिन वर्णन अजून आहे का तुमच्याकडे?

सोनकी
कागद आहे. फादरांनी नंतर कच्चं लिहून दिलं होतं, माझ्या आधीच्या इंग्रजीवरून, आठवण म्हणून. शेवटचा भाग असा: 'सेद फोलिइस लिनेआरिबुस ग्लाब्रिस, कोरोल्ले तुबो ब्रेव्हिओरे दिफ्फेर्त.'

पोथीवाला
प्रयत्न करतो. 'परंतु रेषाकृती, केशरहित पानांनी व पुष्पमुकुटाच्या ऱ्हस्वतर नळीने भिन्न.'

मांडवी
'ऱ्हस्वतर' नको हो, 'आणखी आखूड'. आणि रेषाकृती म्हणजे गवताच्या पात्यासारखी अरुंद ना?

गोदातीर
केशरहितही नको. आमच्याकडे अशा पानाला तुळतुळीत म्हणतात. 'पण गवताच्या पात्यासारख्या अरुंद, तुळतुळीत पानांनी आणि फुलाच्या आणखी आखूड नळीने वेगळी.'

सोनकी
गोदातीर, तुळतुळीत. हाच शब्द. कागदाच्या खाली लिहून ठेवला. 'ग्लाब्रिस'च्या शेजारी फादरांचं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह अजून दिसतंय.